विलायती वजडी

दादा, पिशवी फुटली रं.

तुझ्याच घरात, तुझ्याच मोठ्या टोपात. झाकण थडथडायला लागलं म्हणून उघडून बघितलं, तर पाण्यावर कण्या, कांदा, कलेजीचे तुकडे सगळं तरंगतंय आणि मधोमध ती पिशवी, फाटक्या उशीसारखी. मी पळी टाकली आणि तिथंच खाली बसले. वैनी उंबऱ्यावर होती, सकाळपासून तिथंच. म्हणाली, "गच्च भरलीस ना? कण्या फुगतात. अर्धीच भरायची असती."

"मग आधी सांगायचं ना, वैनी!"

"तू इचारलंस कवा? मास्तरीण तू. तुला कोन शिकवनार?"

गप्प बसले. माझी बडबड थांबावी म्हणून तू कानात बोटं घालायचास ना? बघायला हवं होतंस मला.

तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले. जलदान झालं, पुण्यानुमोदन झालं, लोकांनी तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलून घेतलं. बायका म्हणाल्या, रड गं सुजाता, मोकळी हो. रडले की. मोकळीबिकळी काही झाले नाही. शेवटी काल शाळा सुटल्यावर नेरळहून निघाले, कर्जतला उतरून तुझ्या त्या खाटकाकडं गेले आणि म्हटलं, बोकडाची अख्खी पिशवी द्या, पोटाची, न कापलेली. तो माझ्याकडं बघतच राहिला. "अख्खी पिशवी तर फक्त मिलिंदभाऊ न्यायचे. तुम्ही कोण त्यांच्या?"

"बहीण," मी म्हटलं.

इतकं सोपं होतं बघ उत्तर. त्यानं कलेजी, काळीज, फुफ्फुसं, चरबी सगळं बांधून दिलं आणि वर आणखी एक पिशवी दिली. म्हणाला, "दोन न्या ताई. भाऊंची पण कधी कधी पहिली फुटायची." मला वाटलं, उगीच देतोय. माझी कशाला फुटेल?

तुझं ते खूळ कुठून सुरू झालं, मला पक्कं आठवतं. तू स्कॉटलंडच्या हॉटेलात लागून सहा-सात महिने झाले असतील. पहाटे फोन. मी घाबरून उचलला, तर तू रडत होतास आणि हसतही होतास. "बाय, ऐक. आज इथं मोठं जेवण होतं. वजडी वाजतगाजत आणली गं, वजडी! पुढं एक जण ते पिशवीचं वाजवतात ना, ते वाजवत. मागं आमचा मुख्य आचारी, परातीत वजडी घेऊन. सगळे गोरे उठून उभे राहिले, टाळ्या वाजवल्या. मग एकानं तिच्यापुढं कविता म्हटली आणि सुरी खुपसली. बाय, वजडीला कविता!"

मी विचारलं, प्यायला आहेस का?

"पंचशील घेतलेला माणूस मी. चहा पिऊन बोलतोय. हागिस म्हणतात तिला."

"शी! नावातच सगळं आलं की."

"हॅ. हॅगिस गं बाय. हॅ!"

वैनीनं तर ते नाव शेवटपर्यंत तोंडातून काढलं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच पदर तोंडाला लावला. तिच्यासाठी ती कायम विलायती वजडी.

तू का रडत होतास, ते मला कळलं होतं, दादा. कळलं नाही असं दाखवलं. आजीनं दीक्षा घेतली तेव्हा मेलेल्या जनावराचं खाणं सोडलं, ते तर साऱ्या वस्तीनंच सोडलं. पण आपली आजी एक पाऊल पुढं. "मेलेलं सोडलं, आता आतलं बी नको," म्हणाली आणि वजडी, कलेजी, सगळं घराबाहेर काढलं. बा त्याहून कडक. तू चौदा वर्षांचा असशील, खाटकाकडून कागदात वजडी बांधून आणलीस. बानं ती उकिरड्यावर फेकली आणि तुला पट्ट्यानं फोडलं. मी दाराआड उभी होते. तुला वाटायचं, मी बाच्या बाजूनं होते. नव्हते रं. मला खायची होती ती. तुझ्या हातातल्या त्या पुडीकडं बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

आणि तुला एक कधी सांगितलं नाही. चौथीत माझ्या बाकावरच्या मुलीनं नाक दाबून सांगितलं होतं, हिच्या अंगाला वजडीचा वास येतो. आपल्या घरात तेव्हा कित्येक वर्षांत वजडी शिजली नव्हती! तरी वास येतो म्हणे. तेव्हापासून मी दोनदा आंघोळ करते. आजही करते. मुलांना शिकवताना सुद्धा मधेच मनगट हुंगते. हे तुला सांगितलं असतं, तर आपली निम्मी भांडणं झालीच नसती. सांगितलं नाही. मोठी शहाणी मी.

तू परत आलास, कर्जतच्या फार्महाऊसवाल्यांकडं स्वयंपाकाला लागलास आणि दर थंडीत घरी हा कार्यक्रम सुरू केलास. त्यात तुझी अक्कल वेगळीच. ओट मिळेना म्हणून नाही, मिळत होता, पण म्हणालास, "त्यांच्याकडं ओट पिकतो म्हणून ते ओट घालतात. आमच्या कडावला भात पिकतो, मी कण्या घालणार." सलगम नाही तर लाल भोपळा. तो शिजवून घोटायचा, बटाटा घोटायचा, मिरी भरपूर, ताटात दोन ढीग आणि मधे ती फुगलेली पिशवी. अंगणात सगळी वस्ती जमायची. आणि तू, गाढवा, परातीला हळदीकुंकू तेवढं वाहायचं बाकी ठेवलं होतंस! तोंडानंच पीं पीं वाजवत घरातून बाहेर यायचास. पोरं टाळ्या वाजवायची. म्हातारे हसून हसून खोकायचे.

मी यायची नाही. दर वर्षी शाळेचं काहीतरी निघायचं.

"आजीनं लाचारीनं खायचं सोडलं, बाय," तू म्हणायचास. "आवडीनं खायचं सोड, असं कुनी सांगितलं?"

"लोकांना फरक कळत नाही, दादा."

"मग तू मास्तरीण कशाला झालीस? शिकव की."

तेव्हा मी विषय बदलायची, आता तर समोर तूच नाहीस.

आता त्या दिवसाचं बोलते. टाळून टाळून किती टाळणार?

माझ्या प्रज्ञाच्या लग्नाची बोलणी होती. साजगावची मंडळी, मुलगा कारखान्यात इंजिनिअर, वडीलही त्याच कारखान्यात. तू आठवडाभर आधीपासून मागं लागलास, मी हॅगिस करून आणतो, पाहुण्यांना सांगू, मुलीचा मामा सातासमुद्रापार शिकून आलाय. मी फोनवर काय म्हटलं? "दादा, हात जोडते. तुझी वजडी माझ्या दारात आणू नकोस. पोरीचं जमू दे." तू म्हणालास, "बरं बरं." तुझं बरं बरं म्हणजे काय, ते मला कळायला हवं होतं.

पाहुणे तासभर आधीच आले. मी हॉलमध्ये पोहे देत होते आणि बेल वाजली. दारात तू. फार्महाऊसवरून तसाच आलेला, अंगात तो पांढरा कोट, कोपरापर्यंत कांद्याचा वास, हातात टॉवेलात गुंडाळलेला मोठा स्टीलचा डबा, आणि तोंडभर हसू. मागून मुलाच्या आईंनी विचारलं, "कोण आलंय?"

दादा, मी देवाशपथ म्हणणार होते, पण आपल्यात देवही नाही. खरं सांगते, मी ठरवून नाही बोलले. तोंडातून निघून गेलं.

"आचारी आहे. जेवणाचं घेऊन आलाय."

तुझं हसू एकदम नाही गेलं. थोडा वेळ तसंच राहिलं तोंडावर. मग तू खाली बघितलंस आणि म्हणालास, "हो बाई. कुठं ठेवू?"

बाई! तू मला बाई म्हणालास. खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीस, माझा नवरा गेल्यावर प्रज्ञाला गाडीवर बसवून शाळेत सोडलंस, तो तू मला बाई म्हणालास, आणि मी म्हटलं, "किचनमध्ये ठेवा." ठेवा! तू ठेवलास, चपला घातल्यास आणि गेलास. जिन्यात तुझी पावलं वाजत होती, तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मुलीचे मामा नाही दिसत?"

मी म्हटलं, "त्यांना सुट्टी नाही मिळाली."

पुढचं तर याहून वाईट. म्हणतात, कुणाचं भांडं रिकामं परत देऊ नये, दोन दाणे तरी साखरेचे घालून द्यावेत. मी तुझा डबा भरलेला परत पाठवला. उघडलाही नाही. दुसऱ्या दिवशी कडावला जाणाऱ्या दूधवाल्याच्या टेंपोत ठेवून दिला. वैनी म्हणते, तू तो अंगणात उघडलास, बघितलंस, आणि सगळं कुत्र्यांना घातलंस.

चौथ्या दिवशी तुझा फोन आला. मी उचलला नाही. वर्गावर होते असं सगळ्यांना सांगते. वर्गावर नव्हते रं. स्टाफरूममध्ये एकटी बसले होते, फोन समोर होता, तुझं नाव दिसत होतं, आणि मी बघत बसले. वाटलं, रविवारी जाऊन समोरासमोर बोलू, पाया पडू, तू एक टप्पल देशील, मिटेल. तू काय सांगणार होतास? शिव्या द्यायला केला होतास का? दे की आता. पोटभर दे. का उलट माझीच समजूत काढणार होतास? तेच करणार होतास, मला माहीत आहे, आणि तेच मला सहन होत नाही.

रविवारी शाळेची परीक्षा निघाली. पुढच्या बुधवारी तू फार्महाऊसच्या ओट्याशी उभ्या उभ्या कोसळलास.

पुण्यानुमोदनाला साजगावची मंडळी आली. यायलाच हवं, मुलीचा मामा गेलेला. मांडवात तुझा फोटो ठेवला होता, वैनीनं मुद्दाम तिकडचाच निवडला, पांढरा कोट आणि उंच टोपीतला. मुलाच्या आई फुलं वाहायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मग हळूच मला विचारलं, "अहो, हे त्या दिवशीचे आचारी ना?"

प्रज्ञा शेजारी उभी होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, "माझे मामा आहेत."

बाईंना कळलं. वैनीलाही तेव्हाच कळलं. तोवर तिला फक्त परत आलेला डबा माहीत होता. तू घरी सांगितलंच नव्हतंस. आणि मला मरण यावं असं अजून बाकीच होतं. जाताना बाईंनी माझा हात धरला आणि विचारलं, "काय आणलं होतं हो त्यांनी डब्यात?"

"वजडी," मी म्हटलं.

"अगं बाई! मग सांगायचं नाही का? आमच्याकडं दर रविवारी वजडी असते. ह्यांना त्याशिवाय रविवार वाटत नाही."

दर रविवारी, दादा! ज्यांच्यासाठी मी तुला आचारी केलं, ते दर रविवारी वजडी खातात! लग्न मोडलंही नाही. मोडलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणीतरी शिक्षा केली असं वाटलं असतं. प्रज्ञा माझ्याशी कामापुरतं बोलते. मी पोळ्या करते, शाळेत जाते, फळ्यावर तारीख लिहिते, आणि डोक्यात सारखं तेच, कुठं ठेवू, बाई, कुठं ठेवू.

म्हणून काल इथं आले. वैनीनं दार उघडलं, हातातल्या पिशव्या बघितल्या, म्हणाली, "ह्ये कशाला?"

"मला करायचीय, वैनी. त्याच्यासारखी. मला शिकव."

"मी हात लावनार नाय," ती म्हणाली. "तूच घास, तूच कर. मी बसते हितं."

मग मी घासली. मीठ लावून, गरम पाण्यात बुडवून, सुरीच्या पाठीनं खरवडून. उलटी केली, पुन्हा घासली. तो वास, ज्याच्या भीतीनं मी जन्मभर साबण लावला, तो माझ्या नखांत गेला, केसांत गेला. आणलीच होती म्हणून दुसरीही तशीच घासली आणि दोन्ही रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या. आज सकाळी काळीज, कलेजी, फुफ्फुसं उकडली, बारीक चिरली. चिरताना बोट कापलं. कण्या भाजल्या, कांदा, चरबी, मिरी घातली. मीठ किती? चाखून बघावं म्हटलं, आणि तिथं हातच थांबला. चाखून मला काय कळणार? तुझ्या हातची मी कधी तोंडात घातलीच नाही. बरोबर झाली की चुकली, हे मी कशावरून ओळखू?

वेड लागायची पाळी आली तेव्हा. गच्च भरली, दातओठ खाऊन शिवली, आणि ती फुटली.

मी खाली बसून रडायला लागले. नीट रडणंही नाही, म्हशीसारखं हंबरडणं. मग वैनी उठली, कोपऱ्यातल्या बादलीतून दुसरी पिशवी काढली आणि माझ्यासमोर टाकली. "टोपातलं गाळून घे. वाया नाय जायाचं. आनि आता अर्धीच भर." मी गाळलं, भरलं. तिनं गोधडीची सुई ओवून दिली, हात लावणार नाही म्हणाली होती तरी. शिवून झाल्यावर तीच सुई पिशवीत चारदा टोचली. "हवा जाया पायजे. ते अशेच टोचायचे." तेव्हा तिचा आवाज फाटला. आम्ही दोघींनीही एकमेकींकडं बघितलं नाही.

तीन तास शिजली. नाही फुटली.

वैनीनं भोपळा आणि बटाटा घोटला, दोन ताटं घेतली. मी सुरी खुपसली. भस्सकन वाफ आली आणि सगळं ताटात पसरलं. मी पहिला घास घेतला. मिरी झोंबली. मग कलेजीचा कडवटपणा, चरबी टाळूला चिकटलेली, कण्या दाताखाली मऊ, पिठूळ. गिळला. दुसरा घेतला. तिसरा घेतला.

"कशी हाय?" वैनीनं विचारलं.

"त्याच्यासारखी झालीय का?"

तिनं एक घास खाल्ला, मान हलवली. "तशीच हाय. तुला कशी लागली, ते सांग."

मला खोटं बोलायचं नव्हतं. एवढं झाल्यावर पुन्हा खोटं नव्हतं बोलायचं.

"नाय आवडली, वैनी."

मला वाटलं, आता ही ताट उचलून फेकते. आणि ती हसली, दादा. चोवीस दिवसांत पहिल्यांदा. पदरानं डोळे पुसत पुसत हसली. "मला तरी कुटं आवडती गं? येवढ्या वर्सांत येकदा बी नाय आवडली. ते वाढायचे आनि माज्या तोंडाकडं बघत बसायचे. मंग मी खायची."

"त्याला कधी सांगितलं नाहीस?"

"दर साली सांगायची. तुमची विलायती वजडी तुमालाच लखलाभ, म्हनायची. ते हसायचे, आनि आनखी वाढायचे."

दादा, म्हणजे एवढंच होतं का रं? बसायचं, खायचं, तोंड वाकडं करायचं. मी आजीला घेऊन भांडत होते, बाला घेऊन भांडत होते, शाळेतली ती मुलगी, साऱ्या जगाची अब्रू घेऊन भांडत होते. आणि तुला फक्त समोर बसून माझं तोंड बघायचं होतं. मी म्हटलं असतं, "घाण झालीय रं दादा," तर तू केवढ्यांदा हसला असतास, आणि वर पुन्हा वाढलं असतंस.

माझं ताट मी संपवलं. बोटांनी निपटून, एक कण न ठेवता संपवलं. वैनी मोरीवर हात धुतेय. घरात मी एकटीच बसलेय आणि मोठ्यानं म्हणतेय, घाण झालीय रं दादा. ऐकू येतंय का तुला? घाण झालीय.